बांधाखालचे कोळसे

निरवांगी, ता. इंदापूर
नोव्हेंबर १९९६

प्रिय मेघना,

सप्रेम जय भीम.

तुझा निबंध पोचला. वकिलीच्या कॉलेजच्या अंकात छापून आलेला बघून तुझ्या आजीनं तो आधी स्वतःकडे घेतला. वाचता येत नसताना सगळी पानं उलटली, तुझं नाव कुठं आहे ते मला दाखवायला लावलं आणि त्यावर बोट ठेवून बराच वेळ बसली. मग माझ्या हातात आला. प्राचीन काळचे कायदे आणि ते करणारे राजे. मी तो तीनदा वाचला आणि तिन्ही वेळा माझं डोकं फिरलं. राग त्या राजांवर आहे. थोडा तुझ्यावरही आहे, पण ते पुढं सांगतो. अक्षर वाकडं आलंय ते समजून घे. बोटं नीट मिटत नाहीत आणि कंबर धरली आहे. का धरली, तेही पुढं येईल.

फोन का केला नाही म्हणशील. बावड्याच्या बाजाराला गेलो होतो, तेव्हा बूथवर जाऊन उभाही राहिलो होतो. पण काचेच्या खोलीत बोललेलं बाहेरच्या बाकावर सगळं ऐकू येतं, आणि बाकावर हिंदुरावाचा मेव्हणा बसला होता. म्हणून परत आलो. जाताना चष्मा घरी विसरलो होतो, त्यामुळे नंबरही दिसत नव्हता म्हणा. हल्ली असंच चाललंय. कुठलंही काम एका खेपेत होत नाही.

तुला सगळं माहीत आहे, तरी एकदा लिहितो, कारण लिहिल्याशिवाय माझं मलाच नीट लागत नाही. आपल्या आणि हिंदुरावाच्या रानामधला बांध गेल्या साली त्याच्या ट्रॅक्टरनं सपाट केला. बांधाच्या आपल्या अंगाला जी गाडीवाट होती, तिच्यावरही त्यानं उसाची लागण केली. वाट म्हणजे बैलगाडी जाईल एवढीच पट्टी. पण तेवढी गेली की रस्त्यावरून आपल्या रानात चाक जात नाही, आणि रानातला ऊस बाहेर निघत नाही. मी भांडायला गेलो तर तो खाटेवरून उठलासुद्धा नाही. म्हणाला, "आबा, रानात काय उडत जानार हाय का तुमी? त्यापरीस मला देऊन टाका. आपल्या माणसात राहील." मी म्हणालो, बांध होता, सगळ्या गावानं बघितलाय. तर म्हणतो, "बांध पावसानं बी सरकतो. हद्दीचा दगड दावा. कुठं हाय तुमचा दगड?"

आता त्याला काय सांगणार? दगड नीरेत आहे.

ती गोष्ट तू हसत हसत मैत्रिणींना सांगतेस, असं तुझी आई अंजली मला म्हणाली होती. सांग, पण नीट सांग. छप्पन साली आपली माणसं नागपूरहून दीक्षा घेऊन परतली, त्यांत माझे वडील, गेणूतात्या, होते. आल्या आल्या त्यांनी घरातले देव टोपलीत भरले. टोपलीची दुसरी कडी मी धरली होती. नदीकडे निघालो तर वाटेत बांधावर तो शेंदूर फासलेला दगड. हिंदुरावाची आजी साखरबाई दर अमावास्येला त्याच्यापुढं नारळ फोडायची, म्हणून सगळे त्याला म्हसोबाच म्हणायचे. तात्यांनी पहार लावली, दगड उपटला, टोपलीत टाकला आणि बाकीच्यांबरोबर तोही नीरेच्या डोहात गेला. त्या दिवशी जो आनंद झाला, तो मी कुणाला देणार नाही. देव गेले याची मला आजही खंत नाही. फक्त तो दगड देव होण्याच्या आधी हद्दीचा दगड होता, हे त्या घाईत एकाच्याही डोक्यात आलं नाही. त्याला शेंदूर फासला त्यांनी, आणि शेंदूर बघून तो बुडवला आम्ही. हे हिंदुरावाला सांगितलं तर तो पोट धरून हसला. "मंग मोजणी नीरंतच करा की आबा. मोजणीवाल्याला पवाया येतं का इचारा."

मोजणीवाला पोरगा मात्र भला. त्याच्या नकाशाप्रमाणं त्यानं झेंडी लावली ती आपल्या रानात, गाडीवाटेच्या अलीकडं. म्हणजे वाट हिंदुरावाची. मी हरकत घेतली. तेव्हा तो म्हणाला, आबा, जुनी खूण काही असेल तर दाखवा, पुन्हा मोजू. ती फेरमोजणी येत्या मंगळवारी आहे. आणि त्या जुन्या खुणेवरूनच तू माझ्या मागे लागली आहेस.

तर आता तुझे राजे.

शाळेत शिपाई असताना मी इतिहासाच्या तासाला नकाशे नेऊन लावायचो आणि तास संपेपर्यंत दारात उभा राहायचो. तेव्हापासून हम्मुराबी हे नाव माझ्या ओळखीचं. चौथीपर्यंत शिकलेल्या माणसाला एवढी ओळख पुष्कळ झाली. पण त्याचा कायदा काय होता ते तुझ्यामुळे कळलं. माणसाहून उंच काळा दगड, वर देव बसलाय, पुढं राजा उभा, आणि खाली सगळे नियम कोरलेले. त्यातला एक मला फार आवडला. ज्यानं आळसानं आपला बांध राखला नाही आणि त्याच्या पाण्यानं शेजाऱ्याचं पीक गेलं, त्यानं ते धान्य भरून द्यावं. वाटलं, हा राजा कधीतरी बांधावर बसलेला असणार. आजीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मंग त्याला हितं बोलवा की. हिंदुरावापाशी धाडू." पुढं वाचलं तर घर पडून मालकाचा पोरगा मेला, तर गवंड्याच्या पोराला मारायचं! गवंड्याच्या पोरानं काय केलं होतं? आणि मोठ्या माणसाचा डोळा फोडला तर डोळा फोडा, गुलामाचा फोडला तर मालकाला निम्मी किंमत द्या. अंक मिटून मी उठून पाणी पिऊन आलो. चार हजार वर्षं होत आली, समुद्रापलीकडचा देश, आणि तिथंही डोळ्यांची प्रतवारी.

तो म्हणतो, ज्याच्यावर अन्याय झाला त्यानं माझ्या दगडापाशी यावं, लेख वाचून घ्यावा आणि मन शांत करावं. कुणाकडून वाचून घ्यावा? ज्याला वाचता येतं, अन्याय बहुधा त्यानंच केलेला असतो. पुढं तर गंमतच आहे. हा दगड जो खरवडेल त्याचं वाटोळं होवो म्हणून त्यानं केवढे शाप लिहून ठेवले, आणि दुसऱ्या राजानं लढाईत तो दगडच उचलून नेला, काही ओळी खरवडूनही टाकल्या. आता म्हणे तो पॅरिसला आहे. त्या ठिकाणी मला एकदम बरं वाटलं. एवढ्या मोठ्या राजालासुद्धा आपला दगड जागेवर ठेवता आला नाही, तर गेणूतात्यांना काय बोल लावायचा?

अशोकाकडून मात्र माझी फार अपेक्षा होती. आपला माणूस. त्याचं पान मी मुद्दाम सकाळी, अंघोळ करून वाचलं. देहदंड झालेल्याला तीन दिवसांची सवलत, रस्त्याकडेला वड, वाटसरूंना विहिरी, मुक्या जनावरांना औषधपाणी. वाचताना डोळ्यांत पाणी आलं. मग पुन्हा वरपासून बघितलं, खालपर्यंत बघितलं. बांधाबद्दल एक अक्षर नाही! सबंध देशभर दगडांवर लिहीत सुटलेला माणूस, आणि हद्दीच्या दगडाबद्दल काही म्हणत नाही. तू गाळलं असशील तर कळव. आपल्याच माणसानं ऐन वेळेला पाठ फिरवली असं वाटून मी दिवसभर चिडचिड केली. आजी म्हणाली, अशोकाचा राग चहावर काढू नका.

आणि मग मनू.

मेघना, तू ते पान दुमडून, त्यावर लाल रेघ मारून पाठवलंस. तुझी हौस मला कळते. हद्दीच्या खुणा वर दिसतात त्या हलवता येतात, म्हणून जमिनीखाली लपवून खुणा पुराव्यात, असं मनूनं सांगितलंय. खापऱ्या, राख, कोंडा, हाडं, कोळसे, जे जमिनीत लवकर कुजत नाही ते. आणि वाद झाला तर साक्षीदारानं डोक्यावर माती घेऊन हद्द चालून दाखवावी. खाली तू पेनानं लिहिलंस, "आबा, खापरपणजोबांचे कोळसे! हाच आपला पुरावा. मी अर्जात हे घालते. मी येईपर्यंत तिथं कुणी हात लावू नका."

मी अंक जमिनीवर फेकला. छापलेल्या कागदावर असा राग मी आयुष्यात काढला नव्हता. ज्याच्या कायद्याला महाडला काडी लावली, ज्यानं आपल्याला माणसांत धरलं नाही, त्याचा दाखला देऊन मी माझी गाडीवाट मिळवायची? आणि तीही माझ्या नातीच्या सहीनं? तुझ्यावरचा राग म्हणालो तो हाच. समाधानला बोललो तर तो म्हणाला, आबा, वकिलीत पुरावा बघतात, कुणी सांगितलं ते बघत नाहीत. तुझा बाप शिकला तसा जास्तच शांत झालाय. त्याच्याशी भांडण करायला सुद्धा मजा येत नाही.

पण राग जरा निवल्यावर मला माझे आजोबा आठवले. तू त्यांचं नाव फक्त ऐकलंयस, म्हस्कू. गावकीचं काम आपल्या घराकडे होतं, ही जमीन त्याबद्दलच मिळालेली. बाकीचे दिवस आजोबांची सावलीही लोक चुकवायचे. पण दोन घरांत बांधाचा वाद लागला की त्यांना बोलावणं यायचं, कारण गावातली प्रत्येक हद्द त्यांना ठाऊक. मी चार-पाच वर्षांचा असताना एकदा बघितलंय. आजोबांनी वहाणा काढल्या, वादातल्या रानातलं एक ढेकूळ उचलून डोक्यावर ठेवलं आणि चालायला लागले. मागं दोन्ही घरची माणसं, त्यांच्यामागं गाव. त्या एका दिवशी पाटीलसुद्धा आमच्या आजोबांच्या मागून चालायचा. कुणी बोलत नव्हतं. ढेकूळ डोक्यावर असताना पाय खोटा पडला तर वंश राहत नाही, अशी सगळ्यांची समजूत. आजोबा जिथं थांबले तिथं खड्डा झाला, खड्ड्यात चुलीतले कोळसे ओतले, आणि वर दगड बसला. आपल्या बांधावरच्या दगडाखालीही त्यांनी असेच कोळसे पुरलेले, असं तात्या सांगायचे. मनूनं साक्षीदाराला लाल कपडे आणि गळ्यात माळा सांगितल्यात असं तू लिहिलंस. आजोबांच्या अंगावर घोंगडं होतं.

म्हणून मी तुला विचारतो, यातलं मनूचं काय? कोळसा कुजत नाही, वाळवी त्याला शिवत नाही, हे कुणाला कळणार? जो माती खणतो त्याला. मनूनं कधी खड्डा खणला असेल असं मला वाटत नाही. आपल्यासारख्याच कुणाला तरी त्यानं खणताना बघितलं, सावलीत बसून लिहून घेतलं आणि वर आपलं नाव टाकलं. हम्मुराबीचंही तेच असणार. बांध राखायची रीत त्या काळ्या दगडाआधी कुठल्यातरी पाणी धरणाऱ्या माणसाची होती. तुझ्या निबंधात राजांची नावं आहेत, त्यांच्या देवांची आहेत, दगड पळवणाऱ्याचंसुद्धा आहे. खणणाऱ्याचं एकाचंही नाही. हे पुढच्या खेपेला लिही. माझ्याकडून एक नाव घे.

आता कंबर का धरली ते.

तू हात लावू नका म्हणाली होतीस. मी लावला. मला राहवेना. तू काळा कोट घालून येणार, मोजणीवाल्यापुढं, हिंदुरावापुढं, सगळ्या गावापुढं इथं खणा म्हणून सांगणार, आणि खाली नुसती मातीच निघाली तर? तो मेव्हणा बूथवरच्या बाकावर बसून तुझी नक्कल करेल. मला ते सहन झालं नसतं. म्हणून म्हटलं, आपण आधी खात्री करून घ्यावी. हिंदुराव दुपारचा कारखान्यावर गेला की मी कुदळ घेऊन जायचो. जिथं बांध होता, तिथं खणलं. काही नाही. तात्यांनी पहार कुठं लावली होती ते आठवून हातभर इकडं खणलं. काही नाही. मग उसाच्या सरीतून वाटेच्या मधोमध खणलं. मातीच. रोज थोडं थोडं अलीकडं येत राहिलो. आजी भाकरी घेऊन यायची आणि बघत बसायची. शेवटी गाडीवाट ओलांडून आपल्या रानात आलो, मोजणीवाल्यानं झेंडी लावली होती त्याच्या अंगाला, आणि तिथं कुदळ काळी झाली.

ओंजळभर कोळसे आणि एका मडक्याच्या खापऱ्या. कालच चुलीतून काढल्यासारखे.

म्हणजे हिंदुराव खोटा नव्हता, पोरी. त्यालाही हे माहीत नाही, तो नुसत्या दांडगाईनं बोलत होता, पण बोलत होता ते खरं निघालं. दगड गेल्यापासून बांधच आपल्या सोयीनं पलीकडं सरकला असणार. तात्यांनी मुद्दाम कोरला असं मी म्हणत नाही. पण मधे दगड नसला की नांगर ज्याचा त्याच्या बाजूनं कलतो, आणि चाळीस वर्षांत त्या कलण्याचीच गाडीवाट होते.

मी कोळसे पाटीत भरले आणि बांधावर, म्हणजे बांध होता तिथं, जाऊन बसलो. माझ्या मनात काय होतं ते तुझ्या आजीनं ओळखलं. ती नुसती म्हणाली, "आता ह्ये कुठं पेरनार?" माझ्या जागी हिंदुराव असता तर त्यानं काय केलं असतं ते मला पक्कं ठाऊक आहे. चार-पाच पावलं पलीकडं एक खड्डा, आणि गाडीवाट आपली. कुणाला कळणार नव्हतं. तू अर्ज केला असतास, जिंकली असतीस. आणि तेच मला करता येईना, याचा मला एवढा संताप आला की पाटी उचलून आपटावीशी वाटली. आपटलीही नाही. होते तिथं, होते तसे, खापऱ्यांसकट परत पुरले. हाताला लागलेला काळा रंग अजून नखांतून जात नाही.

आता पत्र कशासाठी ते ऐक. तो अर्ज तू करू नको. दाखला मनूचाही नको आणि आजोबांचाही नको. गाडीवाटेची मालकी हिंदुरावाची, हे मी मंगळवारी सगळ्यांपुढं सांगणार आहे. रानात जायला वाट लागते, तर इतक्या वर्षांच्या वहिवाटीचा हक्क मागता येतो का, तेवढं तुझ्या पुस्तकांत बघून ये. मागायचं तर वाट म्हणून मागू, माझी आहे म्हणून नाही. हिंदुराव हसेल. हसू दे, पण मागून चालताना त्याला गप्प राहावं लागेल. कारण मी कागद दाखवणार नाही, चालून दाखवणार आहे, आजोबांसारखं, आणि जिथं थांबेन तिथं खणायला सांगणार आहे. ही रीत गावात आता माझ्याशिवाय कुणाला माहीत नाही. माझ्या माघारी ती फक्त मनूच्या नावावर राहील, आणि ते मला मेल्यावरही सोसणार नाही. म्हणून तू ये. वकील म्हणून नको, पहिल्या एसटीनं ये, चपला बांधाला काढ आणि माझ्या लगेच मागं चाल. तुझ्या आजीनं रानातलं एक चांगलं घट्ट ढेकूळ निवडून पडवीत झाकून ठेवलंय. मला एकच काळजी लागून राहिली आहे. ढेकूळ ठेवताना आजोबांनी मुंडासं काढलं होतं की डोक्यावर तसंच राहू दिलं होतं, ते काही केल्या आठवत नाही. मी टोपी काढूनच चालेन म्हणतो. तू नीट बघून ठेव, म्हणजे पुढं कुणी विचारलं तर तुला तरी सांगता येईल.

वाट बघतो.

तुझाच,
आबा